तुरीतली लांडगीण

अकोटच्या हवेत थंडीभर कापूस असतो. जिनिंगच्या बाजूने वारा आला की दवाखान्याच्या खिडकीला पांढरी लव धरते, म्हैस घेऊन आलेल्या माणसांच्या मिशांनाही धरते. पण डिसेंबर सरत आला की मला वास येतो तो तुरीचा. वाळक्या शेंगांचा, कडक, भाजक्या दाण्याच्या जवळचा. परवा एसटीतून एका वळणावर सोंगलेल्या, म्हणजे कापलेल्या, तुरीच्या पेंढ्या उभ्या केलेल्या दिसल्या आणि काही काम नसताना मी पुढच्या थांब्याला उतरले. मागे चालत आले आणि त्या अनोळखी शेताच्या धुऱ्यावर उभी राहिले. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. पुण्याच्या माणसाला वाटतं धुरा म्हणजे कसली तरी जबाबदारी. आमच्याकडेही तसं म्हणायला हरकत नाही.

त्या हंगामाला आता सहा वर्षं झाली. भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात माझी पहिली नेमणूक होती. मी वलगावची. वडील एसटीत मेकॅनिक, आई अंगणवाडीत. जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हटल्यावर मावशीने विचारलं होतं, "काहून वं, मानसं संपले काय?" दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पत्रा आणि देवराव. देवराव परिचर होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि त्या गावात माझ्या आधी आलेले सात डॉक्टर त्यांनी पाहिले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. मी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मॅडम," ते म्हणाले, "इथं दोन गोष्टीची सवय करा लागते. खारं पानी अन् लांडगे."

मला वाटलं गंमत करताहेत.

गावाच्या उत्तरेला गायरान होतं. कागदावर ई-क्लास म्हणतात त्याला. सपाट, गवताळ, मध्ये मध्ये बाभळी, आणि एका कडेने वाकडातिकडा गेलेला नाला. थंडीत ते गवत सोनेरीही नसतं आणि राखाडीही नसतं. लांडग्याच्या पाठीचा जो रंग असतो, तोच. म्हणून तर लांडगा समोर बसलेला असला तरी दिसत नाही. उठला की दिसतो, आणि तोवर त्याने तुम्हाला चांगलं पाहून घेतलेलं असतं. तिथे हरणं होती, रोही म्हणजे नीलगायी होत्या, रानडुकरं होती. हरभरा आणि तूर या जनावरांनी मोडून काढायची, आणि या जनावरांना लांडग्यांनी. गावाचं लांडग्यांशी भांडण होतं, पण ते शेजाऱ्याशी असतं तसं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी दवाखान्याच्या दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, अंगावर मळका पुरुषी शर्ट. दोन्ही हातांवर शेळी आणि शेळीच्या गळ्याला स्वतःचा पदर गुंडाळलेला.

"डाक्टर कुठी हाये?"

"मीच."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू? बरं. शिव मंग."

ही पंचफुलाबाई. मी टाके घालत होते आणि ती शेळीचे पाय धरून त्या शेळीलाच शिव्या देत होती, कळपातून मागे राहिल्याबद्दल.

"कुत्र्याने धरली?" मी विचारलं.

"कुत्रं काहून धरीन? बांडी व्हती. लांडगीन हाये, अर्धी शेपूट तुटेल. मी चार वर्सांपासून पाह्यतो तिले." आमच्याकडे बाया असंच बोलतात, 'मी पाह्यतो, मी जातो'. शाळेत बाईंनी माझं हे मोडून काढलं होतं, पण पंचफुलाबाईच्या तोंडी ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं.

तिच्या चौदा शेळ्या होत्या. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. गायरानाच्या कडेला दोन एकर तुकडा ती कसत होती. सासऱ्याने बाभळी तोडून तो मोकळा केला होता, नवऱ्याने नांगरला होता, आता ती एकटी त्यात तूर पेरत होती. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. सरकारी भाषेत ते अतिक्रमण. दर काही वर्षांनी नोटीस यायची, ती जाऊन उत्तर द्यायची, आणि पुन्हा पाऊस पडला की तूर पेरायची.

शेळी वाचली. पण त्याच आठवड्यात बांडीने दुसरी नेली. पंचफुलाबाई एसटीच्या थांब्यावर, सगळ्या गावासमोर, कमरेला पदर खोचून ओरडली, "आता आली तं टांगडीच तोडतो तिची! मारूनच टाकतो!" लोक हसले. मीही हसले. ते वाक्य पुढे कागदावर उतरणार आहे हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

त्या थंडीत काहीतरी बिघडलं होतं. एरवी गायरानातून पहाटे हाक यायची ती एका बाजूने. लांडगे कोल्ह्यासारखे किंचाळत नाहीत. एक जण सूर लावतो, दुसरा त्याला वरून धरतो, तिसरा खालून, आणि तीन जण असले तरी दहा असल्यासारखं वाटतं. डिसेंबर लागला तशा हाका दोन बाजूंनी यायला लागल्या. नाल्याकडून एक आणि पश्चिमेकडून, पूर्णा नदीच्या अंगाने, दुसरी.

"पूर्नेवाले सरकून राह्यले इकडे," देवराव म्हणाले. नदीकाठची मातीची टेकाडं नव्या रस्त्याच्या भरावासाठी खरडून नेली होती. तिथल्या बिळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी टोळी मोकळ्यावर पडली होती. त्यांना जागा हवी होती, आणि जी जागा होती ती नाल्याच्या टोळीची होती.

एका सकाळी शेळीचे टाके काढायला मी स्कूटीने पंचफुलाबाईच्या शेतावर गेले. नुकतं उजाडलं होतं. तूर माझ्या डोक्यापर्यंत आली होती, दवाने जड झाली होती. ती धुऱ्यावर उकिडवी बसली होती. मला पाहताच तिने तळहात खाली दाबून दाखवला. मी बसले.

समोर गायरानात नाल्याचे चौघे उभे होते. पुढे एक थोराड नर. त्याच्या बाजूला बांडी. मागे गेल्या वर्षीची दोन पिल्लं, आता जवळजवळ पुरी वाढलेली. आणि शेदीडशे पावलांवर पश्चिमेचे सात.

मी पुस्तकात वाचलं होतं की प्राण्यांची हद्द असते. प्रत्यक्षात हद्द म्हणजे काय ते मी त्या सकाळी पाहिलं. मध्ये एक वाळलेली बाभूळ होती, दुसरं काही नव्हतं. कुंपण नाही, दगड नाही. नर त्या बाभळीपर्यंत चालत गेला, पाय वर केला, जमीन मागच्या पायांनी उकरली आणि तिथेच उभा राहिला. शेपूट ताठ. सात जणांतला एक पुढे आला, त्याने दुसऱ्या बाजूने तेच केलं. बराच वेळ कोणी हललं नाही. मग ते सातही एकदम सुटले.

मला आवाज आठवत नाही. धूळ आठवते, आणि धुळीत एकदा दिसलेलं पांढरं पोट. नर खाली गेला, उठला, पुन्हा गेला. दोन पिल्लं पळाली. बांडी पळाली नाही. ती एकाच्या अंगावर गेली, वळली, दुसऱ्याच्या अंगावर गेली, आणि मग नाल्याच्या तोंडाशी जाऊन आडवी उभी राहिली.

"तिचे थान पाह्य," पंचफुलाबाई कुजबुजली. "पिलं हायेत नाल्यात. म्हनून हटून नाई राह्यली."

नर कसाबसा सुटला आणि लंगडत आमच्या बाजूला, तुरीच्या पलीकडे दिसेनासा झाला. पश्चिमेचे बाभळीच्या अलीकडे आले, प्रत्येकाने झाड हुंगलं, आणि ते तिथे बसले. पंचफुलाबाईने तोंडावर पदर घेतला होता. ज्या टोळीला ती इतके दिवस शाप देत होती तिच्यासाठी तिचे डोळे भरले होते, आणि त्याचाच तिला राग आला होता. "चाल, टाके काढ," ती माझ्यावर खेकसली.

तिसऱ्या दिवशी नर तिच्या धुऱ्यावर मेलेला सापडला.

मी पोचले तेव्हा तिथे अर्धं गाव होतं. वनखात्याची जीप होती. लांडगा म्हणजे कायद्याने वाघाच्या ओळीतला प्राणी. तो मारला तर सरळ तुरुंग. आणि गर्दीच्या पुढे नानाभाऊ उभे होते, माजी सरपंच. माणूस वाईट नव्हता. माझ्या दवाखान्याचा पत्रा त्यांच्याच धडपडीने बसला होता. त्यांना गायरानावर सोलरच्या प्लेटा आणायच्या होत्या, म्हणजे शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळेल. चांगलंच काम होतं ते. फक्त त्यात पंचफुलाबाईचा तुकडा आडवा येत होता.

"साऱ्यायच्या समोर म्हटलं तिनं, मारून टाकतो," ते वनपालांना सांगत होते. "आता तिच्याच धुऱ्यावर पडला. अजून कोनता पुरावा पायजे?"

पंचफुलाबाई तुरीच्या कडेला उभी होती, हाताची घडी घालून. "म्हटलं व्हतं," ती म्हणाली. "मारला नाई. मारला असता तं मारला म्हटलं असतं. भेतो काय मी?"

बाभळीखाली ताडपत्री अंथरली आणि मी शवविच्छेदनाला बसले. कापायला घेतलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला लांडगा. वनपाल माझ्याजवळ वाकले. थकलेले, सभ्य गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले.

"मॅडम, 'मृत्यूचं कारण अस्पष्ट' असं लिहा. आतडी प्रयोगशाळेत जातील, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तुम्हाला त्रास नको."

मला त्रास नव्हताच. तो रिपोर्ट येईपर्यंत 'अस्पष्ट' या एका शब्दावर पंचफुलाबाईला रोज बोलावणार होते, आणि तोवर तिच्या शेतात दुसरंच काहीतरी उभं राहणार होतं.

मी कातडी सोडवली. वरून भोकं लहान होती, कोणाला वाटावं काटे टोचले. आतून मांस काळंनिळं झालेलं. मानेवर, जांघेत, मागच्या पायांवर, सुळ्यांच्या जोड्या. एका जबड्याच्या नव्हेत, निदान तीन वेगवेगळ्या जबड्यांच्या. विळ्याचा घाव नाही, काठीने मोडलेलं हाड नाही. पोटात उंदराचे केस, विषाचा वास येईल असं काही नाही. मेलेल्याच्या स्वतःच्या दातांत मात्र केस अडकले होते, राखाडी, मुळाशी पांढरे, टोकाला काळे. त्याच्याच जातीचे. मी अकोल्याला माझ्या जुन्या सरांना फोन लावला, फोटो पाठवले. ते फक्त एवढंच म्हणाले, "जे मोजता येतं तेच लिही. पण ते पूर्ण लिही."

मी मोठ्याने सांगितलं, "याला लांडग्यांनी मारलंय. दुसऱ्या टोळीच्या."

गर्दीत कोणीतरी हसलं. नानाभाऊ पुढे आले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट उतरवला.

"मॅडम, आपल्या मानसासाठी लिवून राह्यले काय?"

माझी वस्ती कोणती, पंचफुलाबाईची कोणती, आमच्या दोघींच्या घरात भिंतीवर कोणाचा फोटो आहे, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. ते बोलायचं नसतं, एवढंच. मला शाळेपासून ते वाक्य ओळखीचं होतं. पहिला नंबर आला तेव्हाचं, नोकरी लागली तेव्हाचं. दरवेळी मी ते गिळलं होतं. त्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते आणि गिळायला तोंडात ओल नव्हती.

कॉलेजात, नोकरीत कमावलेली माझी शुद्ध भाषा तिथेच गळून पडली.

"नानाभाऊ, इकडे या," मी म्हणाले. "बसा इथं. हे पट्टी धरा. मी नाई मोजत, तुमी मोजा. कुत्र्याचा जबडा किती रुंद असते तुमाले माहीत हाये, तुमच्या घरी दोन हायेत. आता हे छिद्र पाहा अन् हे छिद्र. काय येते ते साऱ्यायले आयकू द्या."

ते बसतील असं मला वाटलं नव्हतं. पण इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं त्यांनाही जड गेलं असावं. धोतर सावरून ते उकिडवे बसले. त्यांनी एक जोडी मोजली, मग दुसरी, मग तिसरी. आकडे वाचले. खोटे वाचले नाहीत. एवढं मी त्यांच्याबद्दल आजही सांगते.

"कुत्र्याचं नाई हे," ते शेवटी म्हणाले. उठले, हात झटकले. "लांडग्यानं मारला असंन. पन जागा तं तिले सोडाच लागंन."

"ते येगळं भांडन हाये," पंचफुलाबाई मागून म्हणाली. "ते येगळं भांडू."

मी अहवाल तिथेच लिहिला, बोनेटवर कागद ठेवून. आकडे, केस, जबडे, आणि तीन दिवसांपूर्वी मी स्वतः पाहिलेली झुंजही. वनपालांनी वाचून एक उसासा टाकला आणि सही केली. नियमाप्रमाणे लांडग्याला जाळायचं होतं. लाकडं कोण देणार म्हणून माणसं एकमेकांकडे पाहायला लागली, तेव्हा पंचफुलाबाई गेली आणि पोटाशी धरून वाळकी तुराटी घेऊन आली. तीन खेपा केल्या. "माह्या धुऱ्यावर मेला," ती म्हणाली. तुराटी तडतडत पेटते, फार धूर करत नाही. दुपारच्या उन्हात ती ज्वाळा दिसतही नव्हती, फक्त तिच्यामागचं गवत हलत होतं.

प्रकरण तिथे संपलं नाही. जबाबासाठी तिला तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळेआधी नानाभाऊंचा निरोप आला: जागा सोडल्याचं लिहून दे, लांडग्याचं कोणी काढणार नाही. ती दवाखान्यात आली, एका शेळीला जंताचं औषध पाजून घेतलं आणि मग सहज सांगावं तसं सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? मी म्हटलं, मी लांडगा मारला नाई, म्हनून त्याचं कोनी काढलं काय अन् नाई काढलं काय. अन् जागा माही हाये, म्हनून ते सोडाचा सवालच नाई. दोनी गोष्टीचा एकमेकीशी संबंध काय?"

दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारूनच माणसाला वाकवतात. तिने ती गाठ पडूच दिली नाही. असं मला आजवर कधी जमलेलं नाही.

जानेवारी लागला. सगळ्यांच्या तुरी सोंगून झाल्या. पंचफुलाबाईने अर्धी सोंगली आणि हात थांबवला. उरलेली तूर तशीच उभी. शेळ्यांना पीपीआरची, म्हणजे त्यांच्यातल्या साथीच्या रोगाची, लस द्यायला मी गेले तेव्हा शेंगा उन्हात तडकत होत्या, दाणे जमिनीवर उडत होते. असं पीक वाया जाताना पाहून कोणाच्याही जिवाला लागेल.

"मावशी, ही का नाही काढत?"

तिने मला हाताला धरून धुऱ्याच्या टोकाशी नेलं आणि बोट दाखवलं. तुरीच्या तासांच्या, म्हणजे ओळींच्या, आत, सावलीत, भुरकट काहीतरी हललं. मग त्याला कान आले. एक पिल्लू, मग दुसरं. कोपऱ्यात अर्ध्या शेपटीची लांडगीण, मान वर करून आमच्याकडे पाहणारी.

पूर्णेवाल्यांनी नाल्याचं तोंड घेतलं होतं. त्या टोळीला परक्यांची पिल्लं सापडली असती तर एकही उरलं नसतं. एका सकाळी धुक्यात बांडीने पिल्लं तोंडात धरून एकेक करून इकडे आणली होती. "चार आनले," पंचफुलाबाई म्हणाली. "दोन राह्यले."

"तुमची एक शेळी खाल्लीय तिने."

"दोन. परवा अजून एक नेली." तिचा आवाज कोरडा होता. "बकऱ्यायचं भांडन माह्यं अन् तिचं हाये. ते मी पाहीन. पन तिले तिच्या जागेवरून हाकललं, म्हनून ते माह्या जागेवर आली. आता मीच तिले हाकलू? मी? मले त्या नानाभाऊनं शिकवलं नाई अजून तेवढं."

मी काही बोलणार तेवढ्यात शेळ्यांनी एकदम माना वळवल्या. पश्चिमेच्या धुऱ्यावर पाच जण उभे होते. भर सकाळी, उन्हात, माणसं असताना. पुढचा एक पाऊल आत आला. त्याचं नाक जमिनीला लागलेलं, पिल्लांच्या वासावर.

पंचफुलाबाईने शेळ्यांच्या पाण्याचा पत्र्याचा डबा उचलला आणि काठीने बडवत सरळ त्यांच्या दिशेने निघाली. शिव्या ज्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. मी तिच्या मागे. हातात लसीचा थर्मास होता, तोच उगारला. आणि तुरीतून बांडी बाहेर आली. आमच्या बाजूला, दहा-बारा पावलांवर. पाठीवरचे केस उभे, ओठ मागे गेलेले, इतकी हडकलेली की कातडीखाली फासळ्या मोजाव्यात. ती एकटी पाच जणांसमोर उभी राहिली. कोणाला वाटेल आमच्याशी तिने हातमिळवणी केली. तसलं काही नाही. पंचफुलाबाई थोडी जास्त जवळ गेली तेव्हा तिने आमच्याकडेही दात दाखवले. तिच्या हिशेबी त्या शेतात शत्रूच शत्रू होते आणि ती त्यातल्या एकालाही जागा देणार नव्हती.

पुढचा थांबला. डबा वाजत होता. त्याने एकदा बांडीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, मग धुऱ्यावर पाय वर करून खूण केली आणि वळला. बाकीचे त्याच्यामागे गेले. पंचफुलाबाई डबा बडवतच राहिली, ते गवतात दिसेनासे झाल्यावरही. मी तिचा हात धरला तेव्हा थांबली. ती खाली बसली आणि मोठ्याने हसायला लागली. मीही.

तूर फुटून गेली. गाव तिला वेडी म्हणालं. तिच्या मुलीने अमरावतीहून फोन करून भांडण काढलं. फेब्रुवारीत पिल्लं चालती झाली आणि एका सकाळी तुरीत कोणी नव्हतं. मग ती विळा घेऊन शिरली आणि रिकाम्या शेंगांची ती तूर तिने नीट, मुळापासून सोंगली, जणू त्यात सगळे दाणे होते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्यानंतर आला: विष नाही. माझ्या अहवालातला प्रत्येक शब्द उभा राहिला. पावसाळ्याआधी माझी बदली झाली. मुदत झाली नव्हती. कारण कोणी सांगितलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. सामान बांधून अकोटला आले.

देवराव निवृत्त झाले, पण त्यांचे फोन येतात. पूर्णेवाल्यांनी गायरान घेतलं ते घेतलंच. पण नाल्याचा वरचा भाग बांडीने दुसऱ्या वर्षी परत मिळवला. तिचं एक पिल्लू, मादी, तिच्यासारखीच आडमुठी निघाली. बांडी आता नाही. पोरगी आहे, तिचा नर आहे, त्यांची पोरं आहेत. अजून अधूनमधून दोन्ही टोळ्यांची जुंपते, एखादा जखमी होतो. पण दोघांची सीमा आता त्या बाभळीपाशी नाही. ती पंचफुलाबाईच्या शेतावरून जाते. सोलरच्या प्लेटा रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या जागेवर बसल्या. तरी नोटीस पुन्हा आली आहे. यावेळी जबाबाला मी सोबत आले तर चालेल का, असं तिने देवरावांकरवी विचारलं. विचारायचं काय त्यात? रजा टाकून गेल्या सोमवारी मी गेले.

कचेरीत बाबू नवा होता, तरुण, पुण्याकडचा असावा. सरळ मनाचा वाटला. त्याने छापील कागद पुढे ओढला.

"आजी, जागेची चतुःसीमा सांगा. चारी बाजूंना कोण कोण आहे?"

"दक्षिनेले पांदन. पूर्वेले मसान."

"उत्तरेला?"

"बांडीची पोरगी अन् तिचं खटलं."

त्याने लिहिलं. "पश्चिमेला?"

"पूर्नेवाले."

"त्यांची पूर्ण नावं?"

"नावं नसते त्यायले. लांडगे हायेत."

बाबूचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"त्यांच्याशी तुमचा काही वाद?" हा प्रश्न कागदावर छापलेला होता, म्हणून बिचाऱ्याने विचारला.

"हाये ना. बकऱ्यायवरून हाये. त्यायचाही एकमेकाशी हाये. पन माह्या जागेवरून ऊठ, असं त्यायच्यातल्या कोनी मले आजवरी म्हटलं नाई."

खोलीतली बाकीची माणसं वळून पाहायला लागली होती. बाबूने कागद माझ्याकडे वळवला.

"मॅडम, हे असंच लिहू?"

"खरं हाये," मी म्हणाले. "लिवा."

त्याने लिहिलं. एकेक शब्द, खाडाखोड न करता. मग सवयीने शाईचा पॅड उघडून त्याने पंचफुलाबाईच्या अंगठ्यापुढे सरकवला. तिने तो एका बोटाने परत त्याच्याकडे सरकवला आणि पेन मागितलं.